गच्चीवरची टिटवी

गच्चीच्या खडीत टिटवीनं अंडी घातली आणि सासरे-जावयाची उघड जुंपली. एरवीही दोघांमधून विस्तव जात नव्हता, पण निदान जेवताना तरी गप्प बसायचे.

जावयाचा धंदा गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगचा. लोकांची छतं कोरडी करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या पलंगावर मात्र पावसात पाणी ठिबकायचं, आणि कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले सासरे ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला चवीनं सांगायचे. घर त्यांचं. घरजावई म्हणून राहणं आधीच जिवावर आलेलं, त्यात हा टोमणा. यंदा ढग यायच्या आत गच्ची करून टाकायचीच, असा जावयानं चंग बांधला.

डांबराचे डबे घेऊन तो वर गेला, तर सासरे खुर्ची टाकून बसलेले. डोक्यावर त्याचंच हेल्मेट.

"पुढं येऊ नका, जावईबापू. अंडी आहेत तिथं."

"मला तर काही दिसत नाही."

"दिसायची नाहीतच. खडीच्याच रंगाची असतात."

तेवढ्यात टिटवी किंचाळत थेट त्याच्या तोंडावर आली. पंख कानाला चाटून गेला. तो दचकून खाली बसला, आणि सासरे मोठ्यानं हसले. जावयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उद्या साफ करतो सगळं!"

"करा की. वन्य पक्ष्याची अंडी फोडणं गुन्हा आहे. तक्रार मी देईन, साक्षीलाही मीच उभा राहीन."

"बाबांना पक्ष्यांचा एवढा पुळका कधीपासून?" त्यानं रात्री बायकोला विचारलं.

"तुम्ही डांबर आणलंत तेव्हापासून," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

पुढं सासरे रोज पहारा देऊ लागले. पण एका दुपारी आभाळ भरून आलं, ते खाली आले, गार वाऱ्यानं त्यांचा डोळा लागला, आणि जावई खराटा घेऊन वर चढला. टिटवी सुसाट आली. त्यानं खराटा फिरवला. फटका बसला की नाही ते त्याला कळलं नाही, पण ती खडीवर पडली आणि एक पंख फरफटत लंगडत निघाली. मारायचं नव्हतं तिला, हाकलायचं होतं. तो तिच्यामागं गेला. ती कोपऱ्यापर्यंत तशीच फरफटत गेली आणि तिथून भुर्रकन उडाली. पंखाला काहीही झालेलं नव्हतं.

"मला बनवतेस?" तो ओरडला, तावातावानं मागं वळला, आणि बुटाखाली काहीतरी कचकन मोडलं.

अंड्यात पिल्लू जवळजवळ तयार झालं होतं. लांब पाय दुमडून ओलं पडलेलं. त्याला पाय उचलवेना.

"झालं समाधान?" जिन्याच्या दारात सासरे उभे होते. "पूर्वी टिटव्या मागच्या माळावर घालायच्या अंडी. माळावर इमारती झाल्या. त्यांच्या गच्च्या कुणी केल्या?"

"मी केल्या! आणि माळावर बांधू नका म्हणून लोक कोर्टात आले, तेव्हा त्यांना तारखांवर तारखा कुणी दिल्या? तुम्हीच होतात ना टेबलावर?"

सासरे दारातून बाजूला झाले. जावयानं डांबराचे डबे उचलले आणि तो खाली गेला.

उरलेल्या अंड्यांतून पिल्लं निघाली. निघाली ती लगेच पळायलाच लागली, तापलेल्या खडीवर, कठड्याच्या कडेकडेनं. वर खायला किडा नाही, प्यायला पाणी नाही, आणि कठडा ओलांडणं त्यांच्या आवाक्यातलं नाही.

"आता काय हो?" सासऱ्यांनी विचारलं. याचा त्यांनी विचारच केला नव्हता.

"आता बसा पहारा देत!" जावई खेकसला. मग सासऱ्यांच्या डोक्यावरून त्यानं हेल्मेट ओढून घेतलं, पिल्लं खोक्यात भरली आणि जिना उतरला. नर-मादी दोन्ही टिटव्या वाटभर हेल्मेटवर आपटत, शिव्या दिल्यासारख्या ओरडत होत्या. इमारतींच्या मागं, नाल्याकाठी गवताचा एक तुकडा उरला होता. त्यानं खोकं आडवं केलं. पिल्लं क्षणात गवतात दिसेनाशी झाली.

सासरे धापा टाकत मागून आले. "नाल्याच्या इतक्या जवळ?"

"मग दुसरी जागा दाखवा!"

सासऱ्यांनी चहूकडं पाहिलं. सगळीकडं भिंती.

"हीसुद्धा विकली गेलीय," जावई म्हणाला. "इथल्या इमारतीचं कामही मलाच मिळालंय."

"घेऊ नका."

"मी सोडलं तर दुसरा घेईल."

"घेऊ दे दुसऱ्याला."

जावयानं रिकामं खोकं उचललं. घरी येऊन त्यानं त्याच दिवशी गच्चीवर डांबर ओतलं. पाऊस आला, छत कोरडं राहिलं, आणि सासऱ्यांनी डांबराचा पट्टा वाकडा गेल्याची खोट काढली.

नाल्याकाठचं काम त्यानं सोडून दिलं. बिल्डरला नीट तोंडावर सांगून आला. ते काम लगेच दुसऱ्याकडं गेलं आणि हिवाळ्यात गवतावर मुरूम पडला. घरी मात्र तो यातलं अवाक्षर बोलला नाही. म्हाताऱ्याला बरं वाटलेलं त्याच्यानं बघवलं नसतं.