वकिलातीचा लाकडी नमुना

मित्रांनो, मी एक जुना लाकडी नमुना आहे. 'काय नमुना आहे बघा!' असं तुम्ही वर्गातल्या एखाद्या वांड मुलाला म्हणता ना, तसला नव्हे. मोठी इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल हे सगळ्यांना कळावं, म्हणून तिची हुबेहूब छोटी प्रतिकृती करतात. तशी एक प्रतिकृती मी आहे, आणि तीही साध्यासुध्या इमारतीची नाही, एका वकिलातीची. वकिलात म्हणजे परक्या देशाचं आपल्या देशातलं घर. समुद्रापलीकडच्या एका छोट्या देशात आपल्या कोकणातली पुष्कळ माणसं कामाला जात, म्हणून त्या देशाने दिल्लीऐवजी इथेच, पेणच्या बाहेर, नव्या रस्त्यालगत, आपली वकिलात बांधायची ठरवली आणि माझा जन्म झाला.

मला घडवलं पेणच्या हिरामणने. त्याच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती रांगेने वाळत असत आणि त्यांच्या पायाशी बसून तो माझ्या खिडक्या कोरत असे. मधोमध मुख्य कचेरी, मागे दूतसाहेबांचा बंगला, एका बाजूला कर्मचाऱ्यांची घरं, फाटकाशी पहारेकऱ्यांची चौकी, समोर ध्वजाचा खांब. तो खांब त्याने सुईएवढा बारीक केला होता. मूर्तीचे डोळे रंगवायचा कुंचला घेऊन त्याने माझ्या बागेतली झाडं रंगवली. काम संपलं तेव्हा तो थोडा मागे सरला आणि म्हणाला, "जा बाबा, आता साहेबलोकात."

साहेबलोकात मी गेलो खरा, पण माझं जग झाल्या ऋजुता मॅडम. त्या रोह्याच्या. वडील शाळामास्तर, नवरा विष्णु कॉलेजात शिकवणारा, मुलगा अथर्व परदेशात शिकायला गेलेला. वकिलातीच्या सगळ्या बांधकामाची आखणी आणि देखरेख त्यांच्याकडे होती. रोज सकाळी रोह्याहून गाडीने पेणला यायच्या आणि साइट ऑफिसात शिरल्या की पर्स ठेवायच्या आधी माझ्याकडे एक नजर टाकायच्या.

ऑफिस पत्र्याचं होतं, पण मला मधलं मोठं टेबल मिळालं होतं. माझ्याभोवती सगळे गोळा व्हायचे. कुठलं काम आधी, कुठलं मागून, हे मॅडम माझ्यावर रंगीत टाचण्या टोचून समजावून सांगायच्या. खाडीच्या अंगाची जमीन भुसभुशीत, म्हणून आधी खोल खांब घालायचे. पावसाळ्यात जड गाड्या रुततील, म्हणून आतला रस्ता उन्हाळ्यातच करून घ्यायचा. बंगल्याच्या फरशीची घाई नाही, पण कुंपणाची भिंत थांबता कामा नये. त्यांचा आवाज कधी चढत नसे. एखादा मुकादम चुकला, तर त्या नुसतं माझ्याकडे बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "इथे बघ, आणि मला सांग तू काय केलंस ते."

परदेशातून त्या देशाचे बांधकाम-अधिकारी आले की माझ्यासमोर वाकून मान डोलवायचे. फोटो काढायचे. मला फार अभिमान वाटायचा, मित्रांनो. माझ्यात काही उणं असेल असं माझ्या मनातही कधी आलं नव्हतं.

एके दिवशी दुपारी दारात दोन माणसं उभी राहिली. कासू गावचे महिपती आणि त्यांची बायको मैना. भाताची दोन खाचरं आणि थंडीत वाल पिकवणारी ही माणसं. महिपतींनी चपला बाहेर काढल्या होत्या. साइटवरच्या मोठ्या फलकावर त्या देशाचा झेंडा होता. तो एस.टी.तून पाहून ते आत आले होते.

"ह्या देशाचं हापीस हेच ना?" महिपतींनी विचारलं.

"अजून नाही, काका. अजून बांधतोय आम्ही," ऋजुता मॅडम म्हणाल्या. "काम काय होतं?"

"आमचा पोरगा तिकडं हाय. जितेश. वेल्डिंगच्या कामाला गेलाय. गणपतीपासनं फोन नाय त्याचा."

"कंपनीत विचारलंत?"

"कंपनीचा नंबर लागत नाय. धाडणारा एजंट सांगतो, शिफ्ट बदलली आसंल, येल फोन. आता शिमगा आला, मॅडम."

 मैनाकाकू माझ्याकडे पाहत होत्या. हळूच जवळ आल्या आणि पदराने हात पुसून, न शिवता, त्यांनी माझ्या फाटकाकडे बोट केलं.

"हे झालं की मंग इचारायला हितंच यायचं ना, बाय? कंच्या दारानं जायाचं?"

मॅडमनी त्यांना दाखवलं. मुख्य कचेरीच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून एक खिडकी होती. लोकांनी तिथे येऊन कागद द्यायचे.

"आनी उबं कुठं ऱ्हायाचं?"

ऋजुता मॅडम उत्तर द्यायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. खिडकीसमोर हिरामणने राखाडी रंगाची पट्टी रंगवली होती. तो रस्ता होता. दूतसाहेबांच्या मोटारीला सावली होती, पहारेकऱ्याला चौकी होती, जनरेटरला सुद्धा पक्की खोली होती. दूरदूरच्या गावांहून येणाऱ्या माणसाला मात्र रस्त्यावर, उन्हात उभं राहायचं होतं.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. पडद्यावर अथर्वचं नाव होतं. त्यांनी एकदा मैनाकाकूंकडे पाहिलं आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. तो वाजून वाजून बंद झाला.

"बसा, मावशी," त्या म्हणाल्या. "मी चौकशी करते. मला जमेल तेवढी."

त्या दिवसापासून ऋजुता मॅडमनी दोन कामं हाती घेतली. एक जितेशचा शोध. त्या देशाच्या अधिकाऱ्यांशी त्यांचं रोजचं बोलणं होतं, त्यामुळे त्या एकाला विचारायच्या, तो दुसऱ्याचं नाव सांगायचा, दुसरा तिसऱ्याचं. दुसरं काम माझ्यातलं. त्यांना लोकांना बसायला एक दालन हवं होतं. वर छप्पर, बसायला बाकं, प्यायला पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह.

बांधकाम-अधिकारी आले तेव्हा त्यांनी ते मांडलं. ते गृहस्थ सभ्य होते, पण त्यांनी लगेच मान हलवली.

"कुंपणाच्या आत गर्दी चालणार नाही. सुरक्षेचा नियम आहे. लोक थोडा वेळ उभे राहतील आणि जातील."

"थोडा वेळ नाही राहत, सर," मॅडम म्हणाल्या. "माझ्या ऑफिसात दर आठवड्याला दोन माणसं येऊन बसतात. अजून तुमची वकिलात झालेलीसुद्धा नाही."

"जागा कुठे आहे?"

मॅडमनी जनरेटरची खोली चिमटीत धरून उचलली आणि मागच्या कोपऱ्यात ठेवली. मला जरा दुखलं, पण मी ते सोसलं. मोकळ्या झालेल्या जागेत त्यांनी कागदाची घडी उभी केली. दालनाला स्वतंत्र भिंत, बाहेरून एक दार, आत एक दार, मध्ये तपासणी. म्हणजे गर्दी कुंपणाच्या आतही नाही आणि रस्त्यावरही नाही.

"मुदत वाढणार नाही," ते म्हणाले.

"मी मागतच नाही."

मग ती मुदत पाळण्यासाठी मॅडमनी सगळ्या कामांचा क्रम नव्याने लावला. विजेच्या तारांची वाट बदलली. बंगल्यावरचे गवंडी काढून दालनाच्या पायावर लावले. ठेकेदार कुरकुरला, विष्णुसरांनी फोनवर विचारलं की आज तरी जेवायला घरी येणार का. हिरामण येऊन कागदाच्या घडीच्या जागी लाकडाचं दालन बसवून गेला. आत त्याने तांदळाच्या दाण्याएवढी बाकं आणि कागद द्यायच्या नव्या खिडक्या केल्या होत्या.

महिपती आणि मैनाकाकू येतच होते. कासूहून गाडीने यायचे, माझ्याजवळ बसायचे. एकदा काकूंनी पोपटीच्या, म्हणजे मडक्यात भरून जाळावर भाजायच्या, वालाच्या शेंगा आणल्या आणि म्हणाल्या, "पोपटी लावावी तर जितेशनं. मडकं कवा उतरायचं त्ये त्याला बरोबर कळायचं. आमी लावली की करपती." मॅडम हसल्या. काकूही हसल्या. त्या पत्र्याच्या खोलीत त्या दोघींना एकत्र हसताना मी तेवढंच पाहिलं.

बातमी आली तेव्हा दालनावर स्लॅब पडत होता. मॅडम फोन ऐकत उभ्या होत्या आणि त्यांचा हात माझ्या कडेवर होता.  जितेश दिवाळीआधीच गेला होता. तापाने. कंपनी बंद पडली होती, मालक पळून गेला होता, सोबतची पोरं पांगली होती. इस्पितळात कुणी विचारायला आलं नाही, म्हणून तिथल्या सरकारने त्याला तिथेच पुरलं होतं.

पुढच्या खेपेला ते दोघं आले तेव्हा मॅडमनी साइटवरचा काँक्रीटचा मिक्सर बंद करायला लावला. दार लोटलं. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पुरल्याचं सांगताना मात्र त्यांचा आवाज फाटला.

महिपती उठले. खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. "स्लॅबला पानी नीट मारताव ना?" असं काहीतरी त्यांनी विचारलं.  त्यांची पाठ हलत होती.

मैनाकाकूंनी मॅडमचं मनगट धरलं. "जाताना जवळ व्हतं का गो कुनी त्याच्या?"

'होय' म्हणणं किती सोपं होतं, मित्रांनो! मी मनात म्हणत होतो, म्हणा, होय म्हणा. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मला नाही माहीत, मावशी," त्या म्हणाल्या. "मी खूप विचारलं. कुणालाच माहीत नाही."

काकूंनी मनगट सोडलं नाही. त्या म्हणाल्या, "तू खोटं नाय बोललीस त्ये बरं केलंस."

वकिलात वेळेत झाली. ध्वज चढला, भाषणं झाली, बँड वाजला. मला काचेच्या पेटीत घालून त्याच दालनात, दारासमोर ठेवलं. येणारी मुलं काचेला नाक लावून मला बघायची. ऋजुता मॅडम दुसऱ्या कामावर निघून गेल्या. जाताना त्यांनी काचेवरची धूळ ओढणीने पुसली.

आणि एके दिवशी मैनाकाकू आल्या. एकट्याच. आता त्यांचं तिथे काय काम होतं? काहीच नाही. फाटकावरचा पहारेकरी शिवा, त्याने हटकलं, तेव्हा म्हणाल्या, "घरात ह्यो बोलत नाय, आनी मला बसवत नाय. वाईच टेकते." शिवाने त्यांना आत सोडलं. शेजारी रोह्याची नूतन बसली होती. नवऱ्याचा फोन लागत नव्हता, कडेवर मूल, आणि कुठल्या खिडकीशी जायचं ते ठाऊक नाही. काकूंनी तिचं मूल घेतलं. "जा, त्या दोन नंबरला इचार. घाबरू नको. आनी 'नंतर या' म्हनले तर हलू नको."

तेव्हापासून काकू येतच राहिल्या. कुणाला पाणी दे, कुणाचं पोर सांभाळ, कुणाचा हात धरून बस. नूतनचा नवरा सापडला, जिवंत, दुसऱ्या शहरात. ती पेढे घेऊन आली. काकूंनी पेढा घेतला, कपाळाला लावला, आणि मग पदरात तोंड घालून इतक्या रडल्या की नूतनला काय करावं कळेना.

पण चांगले दिवस टिकले नाहीत. सगळं काम फोनवर आणि बाहेरच्या एजन्सीकडून होऊ लागलं. दालनाला कुलूप लागलं. बाकं गेली. मला काचेतून काढून मागच्या गोदामात टाकलं. तिथे ओल होती. बंगल्याच्या छपराला वाळवी लागली, ध्वजाचा खांब मोडला, माझी झाडं उंदरांनी नेली. बरीच वर्षं माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

परवा गोदामाचं दार उघडलं. इमारतीची पाहणी करायला ऋजुता मॅडम आल्या होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला पाहिलं, माझ्यावरचं जाळं काढलं. मग त्यांनी शिवाला विचारलं, "ते दालन बंद का?"

"वरून हुकूम, मॅडम."

"आणि मैनामावशी?"

"येतात की. दादला गेला त्यांचा मागल्या साली. फोनवर ज्यांचं काम व्हत नाय, ती मानसं अजून हितंच येतात. आत घेत नाय त्यांना. मावशी बसतात त्यांच्यासंगं बाहेर, भितीकडंला."

मॅडम त्याच पावली वरच्या अधिकाऱ्यांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं, दालन उघडणार नव्हतं. इमारत त्यांनी बांधली होती, पण ती त्यांची नव्हती. मला भंगारात काढलं होतं. "हा मला द्या," एवढंच त्या म्हणाल्या, आणि शिवाने मला टेम्पोत चढवलं.

टेम्पो फाटकाबाहेर पडला तेव्हा, मित्रांनो, मी ज्या इमारतीचा नमुना, ती मी जन्मात पहिल्यांदा बाहेरून पाहिली. हुबेहूब माझ्यासारखी. तीच खिडकी, तोच बंगला, तीच भिंत. फक्त भिंतीच्या कडेला, रस्त्यावर, कागद डोक्यावर धरून माणसं बसली होती. हिरामणने माझ्यात सगळं केलं होतं, माणसं तेवढी केली नव्हती. मॅडमनी टेम्पो थांबवायला सांगितला. उतरून त्या मैनाकाकूंशेजारी जमिनीवर बसल्या. काकूंनी त्यांना ओळखलं आणि आपल्या छत्रीचा अर्धा भाग त्यांच्यावर धरला.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या इंजिनियर होईल, कुणी साहेब होईल, कुणाच्या हाती एखाद्या दाराची किल्ली येईल. मी लाकडाचा आहे, मोडलेला आहे, मला जपा असं मी म्हणत नाही. पण दाराबाहेर कुणी आपल्या माणसाची खबर विचारायला आलं असेल, तर त्याला उन्हात ठेवू नका. आत घ्या, पाणी द्या, आणि खबर वाईट असली तरी ती त्याच्यासमोर बसून सांगा.