पलंगाच्या मधली भिंत

माझा धंदा गाद्या-उशा शिवायचा. बायको बसवर कंडक्टर होती. ती गेल्याला वर्ष होत आलं.

निवृत्त झाली तरी ती झोपेत बस भरायची. "पुढे सरका, पुढे सरका!" म्हणून मला ढकलायची. एकदा मी धपकन खाली पडलो, तर सकाळी म्हणाली, "तिकीट काढलं नसेल तुम्ही." हसून हसून पुरेवाट झाली. मग एके रात्री तिच्या कोपराने माझा दात पडला आणि आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, स्वप्न पडत असताना माणसाचं अंग सैल पडतं, म्हणून आपण जागच्या जागी राहतो. हिच्या मेंदूतलं ते सैल पाडणारं कामच बिघडलंय. पुढे हात थरथरायला लागले आणि कंपवात निघाला.

गोळ्यांनी बरंच शांत झालं. तरी मी पलंगाच्या मधोमध फोमची जाड भिंत शिवून बसवली. झोपताना ती त्यावरून हात टाकायची.

ती गेली, भिंत राहिली. "बाबा, काढा आता ते," लेक म्हणते. माझ्याने काढवत नव्हतं.

गेल्या आठवड्यात शेजारचा कुलूपवाला, त्याची बायको आणि मुलगा दुकानात आले. वहिनींचा डोळा काळानिळा.

"काका, आईसाठी गादी हवी. माझ्या घरी नेतोय तिला," मुलगा म्हणाला. "म्हातारपणी हात उचलायला लागलेत हे."

"अरे, झोपेत होते रे ते!" वहिनी म्हणाल्या.

"हो, झोपेत! चोर पकडत होते म्हणे."

कुलूपवाला मान खाली घालून उभा. मुंगीसुद्धा न मारणारा माणूस.

"सापडला का चोर?" मी त्याला विचारलं.

"खिडकीशी गाठला होता," तो पुटपुटला. "डोळे उघडले तर ही."

मी मुलाला तोंड उघडून दात पडलेली जागा दाखवली. "ही तुझ्या काकूची करामत. जागेपणी तिने मला कधी बोटसुद्धा लावलं नाही." मग सगळं सांगितलं. तो स्टुलावर बसला.

"म्हणजे बाबांनाही तेच?"

"ते डॉक्टरीणबाई सांगतील. आजच ने."

"तोवर तरी आई माझ्याकडे—"

"मी कुठे जात नाही," वहिनी म्हणाल्या. "यांच्या घोरण्याशिवाय मला झोप लागते का?"

यावर मुलाचं काही चालेना. मीही मग घरी जाऊन भिंत उपसली. खोळ माझ्याकडे ठेवली, फोमला नवी शिवली आणि त्यांच्या पलंगावर बसवून आलो.

डॉक्टरीणबाईंनी झोपेची तपासणी केली. झोपेचा बिघाड तोच निघाला, कंपवाताचं लक्षण मात्र अजून नाही. गोळी सुरू झाली. मुलगा एकटाच परत गेला.

काल वहिनी भेटल्या. "भाऊजी, चोर आला होता. भिंतीवर आपटला बिचारा!"

माझा पलंग आता मोकळा आहे. पहिल्या रात्री मुद्दाम मधोमध, हातपाय पसरून झोपलो. झोप छान लागली. सकाळी पाहिलं तर सरकत सरकत माझ्याच बाजूला आलो होतो.