चौदा तासांवरचा मुलगा

लोकांना विमानाची तिकिटं काढून देणं हा माझा धंदा. कुठलंही शहर सांगा, किती तास लागतील ते तोंडपाठ. दादाच्या शहराचे सरळ चौदा. "चौदा तास म्हणजे काय गं, एक झोप काढली की आलोच," हे त्याचं पालुपद. ते ऐकून ऐकून आईला तो शेजारच्या गल्लीतच राहतो असं वाटायला लागलं होतं.

डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. मी लगेच सीट धरून ठेवली. तर दादा म्हणतो, "एकदम पक्कं सांग हं. दोनदा येणं नाही जमायचं, रजा एकदाच मिळते." म्हणजे आईनं याच्या रजेच्या सोयीनं मरायचं! मी तारीख पुढे ढकलली. परत ढकलली. गिऱ्हाइकासाठी करते तशीच, गोड आवाजात.

दवाखान्यात आईचं एकच चाललेलं, "निघाला का?" काल संध्याकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, बसला विमानात." झालं! तिनं तास मोजायला घेतले. "आता समुद्रावर असेल ना? जेवला असेल का गं?" नकाशावर सगळा रस्ता मीच तिला दाखवला होता. आता हो-हो करत बसले.

सकाळी तिनं नर्सकडून केस विंचरून घेतले, उशी उंच करायला लावली आणि दाराकडे तोंड करून बसली. आता काय सांगायचं? म्हटलं, "आई, विमानाला उशीर झालाय. धुकं आहे म्हणे."

"विमानाला कशाला बोल लावतेस?" आई म्हणाली. "निघालाच नाही ना तो?"

मला रडूच फुटलं. तेवढ्यात त्याचाच फोन. "काय म्हणतात डॉक्टर? निघू की थांबू?"

माझं डोकं फिरलं. "तूच विचार तिला," म्हणत मी फोन आईच्या कानाला लावला. वाटलं, आता तरी 'ये' म्हणेल, हक्कानं चार शिव्या घालेल.

आईनं सगळा दम गोळा केला. "मी बरी आहे रे बाळा. कशाला दगदग करतोस? सावकाश ये."

फोन परत माझ्याकडे आला तेव्हा दादाचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "बघ! चांगली खणखणीत बोलतेय की. तू उगाच घाबरवून सोडतेस. ती सीट सोडून दे, पुढच्या महिन्यात बघू."

"सोड गं," आई म्हणाली. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

तिच्या पायाशी बसूनच मी मोबाईलवरून सीट सोडली. आई दुपारी गेली.

संध्याकाळी दादा फोनवर हमसून हमसून रडत होता. तेच विमान मिळेल का, म्हणून विचारत होता. ते भरलं होतं.