लाकूड खाली बसेपर्यंत

हाताच्या कोपरासारखं वाकलेलं ते लाकूड आमच्या हॉलमधल्या फिशटँकमध्ये आडवं तरंगत होतं आणि त्याच्याखालून गप्पी मासे निवांत फिरत होते. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत वाहून आलेलं ते लाकूड गणपती झाल्यावर माझ्या नवऱ्याने, नितेशने, उचलून आणलं आणि ज्या मोठ्या टोपात आम्ही भात उकडतो त्याच टोपात मिठाच्या पाण्यात दिवसभर उकळलं. माझा नुसता जीव जळत होता, कारण पुढे कितीतरी दिवस टोपाचा खारट वास जाईना. एवढं करूनही लाकूड बुडेना, तेव्हा हा हसत म्हणाला, "पाणी प्यायला वेळ लागतो त्याला. मी आलो की बसवतो खाली. तोवर कोणी हात लावू नका." मग तो मिरकरवाड्याच्या बंदरातून मासेमारीच्या लाँचवर गेला आणि परत आला नाही. जाळं ओढताना तोल गेला, एवढंच बरोबरच्यांनी सांगितलं. खूप शोधलं, पण हाती काही लागलं नाही.

देह सापडला नाही तर आमच्यात दर्भाचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात आणि मग पुढचं सगळं रीतीप्रमाणे होतं. माझा दीर ऋत्विक त्यासाठी मुंबईहून फोन करकरून थकला, पण माझ्या सासूबाई, येसूबाई, ऐकायलाच तयार नव्हत्या. तो आल्यावर बसवतो म्हणालाय, लाकूड अजून तरंगतंय, म्हणजे तो यायचाय, असा त्यांचा हिशेब. आता यावर माणसाने कुठे डोकं आपटायचं? खरंच सांगते, मला त्यांचा राग यायचा. त्या आई होत्या, मान्य आहे. पण मी कोण होते? संक्रांतीत शेजारची दीपाली हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला दारापर्यंत आली, माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघून घुटमळली आणि आईंची तब्येत विचारून तशीच परत गेली. तिचं तरी काय चुकलं? मी कोण ते मलाच ठाऊक नव्हतं. मला एकदा पोटभर रडायचं होतं आणि त्या घरात रडायची सोय नव्हती.

म्हणून मी ठरवलं की लाकूड आपणच बुडवायचं. फिशटँकचं सामान विकणाऱ्या अजिंक्यने दगड बांधायला सांगितला. मी मागच्या दगडी गडग्यातून जांभ्याचा एक लाल तुकडा काढला, स्वच्छ घासला, जाळं विणायच्या दोऱ्याने लाकडाला आवळून बांधला, गाठीवर गाठ मारली आणि सोडला पाण्यात. लाकूड मुकाट्याने तळाशी गेलं. आई माझ्याकडे बघत राहिल्या.

सकाळी लाकूड पुन्हा वर. जांभ्याचा तुकडा खिडकीत ठेवलेला, आणि शेजारी ओला दोरा, न कापता सोडवलेला. मी तडक आईंना टाकून बोलले. त्यांनी चहाचा कप नेहमीसारखा दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून उचलला, कारण वाताने त्यांची बोटं कधीच निकामी झाली होती. तेव्हा कुठे मी तो दोरा नीट पाहिला. अंगठा आणि करंगळीवरून फिरवून त्याची सुबक लडी केलेली होती. नितेश असाच करायचा. मिठाईच्या पुड्याचा दोरासुद्धा त्याने कधी चुरगळून टाकला नाही.

मी आणखी एकदा बांधून पाहिलं, आणि पुन्हा तेच झालं. त्यानंतर दगड आणि लडी खिडकीत पडून राहू दिली. ऋत्विकला यातलं काही सांगितलं नाही. माशांना खाणं घालायला मात्र एकटीने हॉलमध्ये जायचं मी टाळू लागले. मला भीती वाटायची, आणि आपल्याच नवऱ्याची भीती वाटावी याची लाजही वाटायची.

शिमग्याला ऋत्विक यायचा होता. त्याच्या आधीच्या एका दुपारी मी स्वयंपाकघरात सुपात कुळीथ घेऊन निवडत होते. हॉलमध्ये पाण्याचा आवाज झाला म्हणून दारातून डोकावले, तर आई टँकपाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि त्यांचा वाकडा हात पाण्यात, लाकडावर होता. बाळाला थोपटावं तशा त्या लाकूड थोपटत होत्या.

"दमला असशील रे," त्या म्हणाल्या. "मीच धरून ठेवलंय तुला. ये, नि बसव एकदाचं. मी काय बोलायची नाय."

हातातलं कुळथाचं सूप तसंच पोटाशी धरून मी दारात रडले. नितेश गेल्यावर पहिल्यांदाच, आवाज करून रडले. आईंना ऐकू गेलं असणार, पण त्यांनी वळून पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकूड तळाशी होतं. वाकलेली बाजू वर, मासे त्या कमानीतून ये-जा करत होते, नितेशला हवं होतं अगदी तसंच. दोरा आवळून बांधलेला होता आणि गाठीचं टोक उलट्या बाजूला आलं होतं. नितेश डावखुरा. त्याने बांधलेली बाजाराची पिशवी सोडताना मी दर वेळी भलतंच टोक ओढायची आणि त्याच्यावर चिडायची.

आई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आला होता," त्या म्हणाल्या. "ऋत्विकला सांग बाय, भटजींशी बोल म्हणावं."

मी मान हलवली. मनात म्हटलं, कदाचित झोपेत मीच उठून बांधलं असेल. दुःखात माणूस काय वाटेल ते करतो. तेवढ्यासाठी खिडकीकडे पाहिलं. माझा जांभ्याचा लाल तुकडा तिथेच होता, कोरडा.

लाकडाखाली काळा दगड बांधलेला होता. त्याला समुद्रातली बारीक कालवं चिकटलेली होती, आणि ती अजून हळूहळू उघडत होती, मिटत होती.