आवरलेला ई ड्राइव्ह

मला पसारा खपत नाही. कचेरीत माझ्या टेबलावरची टाचणी हलली तरी मला कळतं, आणि ज्यानं हलवली त्याला मी ते ऐकवतो. त्यामुळं दोन हजार दोन साली आमच्याकडं नवा कॉम्प्युटर आला आणि त्यात सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह दिसले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तीन वेगवेगळी कपाटंच की ती! दुसरा शनिवार होता, मला सुट्टी. माझी बायको संघप्रिया हुपरीच्या शाळेत शिकवते. ती सकाळच्या एसटीनं गेलेली, दोनला परत येणार होती. तोवर सगळं जागच्या जागी लावून टाकायचं, असं मी ठरवलं.

दुकानदार मोहितनं आदल्या संध्याकाळी जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं नव्याच्या डी ड्राइव्हमध्ये ओतलं होतं आणि जुना बदल्यात उचलून नेला होता. ओतलं म्हणजे अक्षरशः ओतलं. गाण्यांच्या शेजारी वीज मंडळाला केलेला अर्ज, आणि मध्येच हिचा प्रबंध. मी चहाचा कप घेऊन बसलो. प्रोग्रॅम सगळे सीमध्ये, माझं डीमध्ये, तिचं ईमध्ये.

तिचा प्रबंध म्हणजे गडहिंग्लज भागातल्या शेतमजूर बायकांच्या आठवणी. सहा वर्षं गावोगाव फिरून तिनं चाळीस बायकांना बोलतं केलं. त्यातली एक तिची आई, यल्लव्वा. त्या गेल्या साली वारल्या, आणि बाकीच्यांपैकीही बऱ्याच जणी आता नाहीत. मूळ वह्याही नाहीत. चार वर्षांपूर्वी त्या माझ्या हातून रद्दीत गेल्या. तोवर मजकूर कॉम्प्युटरवर चढला होता म्हणून निभावलं. चूक माझीच, पण जमिनीवर वह्यांची चळत लावायचीच कशाला, असं मी वर बोललोही होतो. आता पुढच्या महिन्यात प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता.

मी तिच्या सगळ्या फायली ईमध्ये हलवल्या. नीट आल्यात का बघावं म्हणून एक उघडली. मराठीचं एक अक्षर दिसेना. वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलर, मध्येच टक्क्याची खूण. दुसरी उघडली, तेच. शेवटची उघडली, तिथंही तेच.

व्हायरस! गेल्याच महिन्यात आमच्या कचेरीत हंबीररावांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता. त्यांनी 'बघू बघू' म्हणत वेळ काढला आणि तेवढ्यात सगळी कचेरी आडवी झाली. मी हंबीरराव नव्हतो. मूळ फायली मोहितकडं जुन्या कॉम्प्युटरमध्ये असणारच, त्या परत आणता येतील, असा विचार करून मी तिचं सगळं पुसलं. कुठं काही चिकटून राहू नये म्हणून ई ड्राइव्ह फॉरमॅटही केला. अर्ध्या तासात तो स्वच्छ झाला. मग मोठ्या ऐटीत मी मोहितला फोन लावला.

"कसला व्हायरस, काका? मराठी फॉन्ट टाकायचा राहिलाय की! फॉन्ट न्हाय म्हटल्यावर मराठी मजकूर असाच दिसतोय. संध्याकाळी येतो, दोन मिंटाचं काम हाय."

"मोहित, मी ते पुसलं सगळं. ड्राइव्ह फॉरमॅट केला."

"फॉरमॅट?" तो म्हणाला.

"जुना कॉम्प्युटर हाय न्हवं तुझ्याकडं?" मी विचारलं.

"त्यो सकाळीच कोडोलीची पार्टी घिऊन गेली, काका. सगळं पुसून, नवं भरून दिला. आता संध्याकाळी बघतो काय निघतंय का. पर शब्द देत न्हाय."

साडेबारा झाले होते. दोन वाजेपर्यंत मी त्या खुर्चीत बसून होतो. बाहेर रिक्षा थांबली की उठायचं, पुढं गेली की बसायचं. एवढा मी माझ्या साहेबालाही कधी भ्यालो नव्हतो. त्या मेलेल्या बायकांना परत कोण बोलतं करणार? शेवटी ठरवलं, सांगायचं व्हायरस आला म्हणून. कोण शोधायला बसतंय?

फाटकाची कडी वाजली. ती आत आली, माझ्याकडं बघितलं आणि दारातच थांबली.

"काय झालं?"

"व्हायरस..." मी म्हणालो, आणि पुढचं खोटं तोंडातून निघेना. "मी पुसलं. मीच. तुझा प्रबंध." आणि सगळं सांगून टाकलं.

"सगळाच?"

"सगळा."

तिनं पर्स खाली ठेवली, चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि बाहेर पडली. गेली, आता ही परत येत नाही, असं वाटून मी अनवाणीच मागं धावलो. पण ती शेजारच्या धोंडुबाईंच्या दारात होती. म्हातारीनं काही न विचारता आतून एक स्टीलचा डबा आणून तिच्या हातात दिला.

घरी येऊन तिनं झाकण उघडलं. आत रबर लावलेल्या फ्लॉप्या. प्रत्येकीवर तिच्या अक्षरात तारीख, आणि सगळ्या तारखा रविवारच्या. वरची गेल्या रविवारची. सगळ्यांत खालची, वह्या रद्दीत गेल्या त्या आठवड्यातली. तळाशी यल्लव्वांचा काडी मोडलेला चष्मा होता, जो 'टाकून दे' असं मी दोनदा म्हणालो होतो. आणि तिच्या मैत्रिणींची जुनी पत्रं.

"हे धोंडुबाईंकडं कशाला?" मी विचारलं.

"तितं कोण आवरत न्हाय," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं.

मी दीड तास भ्यालो होतो. ती चार वर्षं भीत होती, आणि मला.

संध्याकाळी मोहितनं फ्लॉपीतलं सगळं कॉम्प्युटरवर चढवलं आणि फॉन्ट टाकला. पडद्यावर यल्लव्वांचं नाव स्वच्छ मराठीत उमटलं, आणि माझे डोळे भरून आले. मोहित गेल्यावर मी म्हणालो, "डबा आता घरातच ठेव. मी हात लावणार न्हाय. शप्पत."

"बरं," ती म्हणाली. मग तिनं नवी फ्लॉपी घातली, सगळं उतरवून घेतलं, वर तारीख लिहिली. डब्याचं झाकण दाबून लावलं, चपला घातल्या आणि डबा घेऊन धोंडुबाईंकडं गेली.