गोनारियाच्या वाडग्यातलं दूध

सार्डिनियाच्या त्या डोंगरगावात भेसळ पकडायला पोलीस लागत नसे. दूधपित्या कोकराचं जठर पुरे. ते वाळवून, मिठात कुटून केलेला लगदा चमचाभर घातला की मेंढीचं दूध बघता बघता थिजतं. गायीचं रेंगाळतं. गाढविणीचं मात्र प्रलयापर्यंत पातळच. म्हाताऱ्या बाकिसकाकांच्या लगद्याने तर एकदा चर्चमधलं पवित्र पाणीही थिजलं होतं, असं सांगणारे आहेत.

गावातली घरं आपापलं दूध काकांच्या एकाच कढईत ओतत आणि चीज वाटून घेत. करार फक्त मेंढीच्या दुधाचा. त्या आठवड्यात कढई थिजलीच नाही. सगळ्यात मोठ्या कळपाच्या बांतिनेने विधवा गोनारियाकडे बोट दाखवलं. दोष सिद्ध झाला की ती कढईतून कायमची बाहेर, आणि तिच्याकडे ना कढई, ना लगदा, एकटीचं चीज होणं नाही. कळप विकावा लागणार.

काकांच्या अंगणात प्रत्येकजण आपल्या दुधाचा कोमट वाडगा धरून उभा राहिला. काकांनी सगळ्यांत सारखा लगदा घातला आणि मारियामातेची लांबलचक प्रार्थना सुरू केली. ती संपायच्या आत मेंढीचं दूध थिजायलाच हवं.

गोनारियाने वाडगा छातीशी धरला. मेंढ्यांचे खूर सुजले होते, दूध आटलं होतं. तिने आपल्या गायीचं थोडं मिसळलं होतं.

"काय गोनारियाबाई, एवढ्या थंडीत घाम?" बांतिने म्हणाला.

"तुझ्या तोंडाची वाफ लागतेय. जरा तिकडे सरक."

प्रार्थना संपली. काकांनी एकेक वाडगा कलता करून पाहिला. पहिला पातळ. दुसरा पातळ. बांतिनेचा पातळ. गोनारियाचाही हिंदकळला. जो तो आपल्या बुटांकडे बघू लागला.

काकांनी लगद्याचं भांडं पुन्हा पुन्हा हुंगलं. मग म्हणाले, "माझा लगदाच मेलेला दिसतो. ओता सगळं डुकरांना."

माना इतक्या जोरात हलल्या की दोन टोप्या उडून शेजारच्या गावात पडल्या म्हणतात.

गोनारियाने श्वास सोडला, आणि तिला जाणवलं की हातातलं दूध आता हलत नाहीये. ओतून दिलं तर आज सुटका. पण उद्या बांतिनेचं बोट पुन्हा तिच्याचकडे वळणार.

तिने वाडगा बांतिनेच्या बुटांवर उपडा धरला. थेंब पडला नाही.

"लगदा जिवंत आहे, काका. माझ्यात चौथाई गायीचं आहे, म्हणून उशीर लागला. मेंढ्या लंगडताहेत, म्हणून घातलं. आता यांचंही उपडं करा."

"माझं गार पडलं असेल," बांतिने पुटपुटला.

"गेल्या महिन्यात तुझी गाढवीण व्याली ना रे?" मागून एक म्हातारी म्हणाली. कुणी हसलं नाही. गाढविणी बऱ्याच घरी होत्या.

काकांनी त्याचा वाडगा घेतला आणि शांतपणे त्याच्याच बुटांवर उपडा केला. दूध बुटांच्या नाड्यांतून आत शिरलं. बाकीचे वाडगेही अजून हिंदकळतच होते.

"गोनारिया, गायीचं दूध यापुढे वेगळ्या भांड्यात आण, त्याचं वेगळं चीज करू," काका म्हणाले. "सकाळी कढई तुझ्या मेंढ्यांसाठी तापेल."

"आणि आमच्या?" कुणीतरी विचारलं.

"तुमच्या गाढविणींसाठी नाही."