तुसाची पेटी

निर्मलाबाईला पहिला संशय आला तो कोहळ्यांवरून.

तिचा पोरगा टेकचंद कामठ्याच्या बाजारातून बंडीभर कोहळी घेऊन आला. घरात खाणारी तोंडं दोन, एक ती आणि दुसरा तो. एवढ्या कोहळ्यांचं करायचं काय, असं तिने विचारलं, तर म्हणाला, "मले फक्त बिया पायजेत, माय. बाकीचं तू पाय." जन्मभर शेतात राबलेल्या बाईला हे पटायचं कसं? गर टाकून बिया ठेवणारा माणूस एक तर पेरायला निघालेला असतो, नाही तर त्याचं डोकं फिरलेलं असतं. आणि ऐन धानकापणीत, थंडीच्या तोंडावर, कोहळं कोणी पेरत नाही.

वर त्याने विळा तिच्या हाती देत म्हटलं, "तू काप, मी बिया काढतो."

"अखंड कोहळ्याले बाईमानसानं विळा लावाचा नाई, इसरला का?" ती कडाडली. "कोहळं म्हंजे घरचा मोठा पोरगा. माय पोराले चिरते का?"

ही इकडची रीत. पहिली चीर पुरुषाने द्यायची, मग बायांनी खुशाल फोडी कराव्यात. इथेच दवनीवाड्यात जन्मलेल्या पोराला ही रीत ठाऊक नसावी, याचंच तिला नवल वाटलं. नागपूरने पोराला काय काय विसरायला लावलं असेल, असा विचार तिच्या मनात आला आणि तिथेच मुक्कामाला बसला.

तिचा थोरलाही टेकचंदच आणि धाकटाही तोच. नवरा गेल्यावर तिने धानाच्या बांध्यांमध्ये कंबर मोडून त्याला नागपूरच्या कॉलेजात सायन्स शिकवलं. पण ते बेचाळीस साल होतं. गावोगाव तारा तुटत होत्या, रूळ उखडत होते, आणि कॉलेजला टाळं लागलं होतं. पोरगा घरी आला तो वळकटी न घेता ट्रंक घेऊन, आणि ट्रंकेत काय, तर काचेची भांडी, पाऱ्याची नळी, एक भिंग आणि तपकिरी बाटल्या. कामठ्याच्या शकुंतलाबाईचा पोरगा असाच नागपूरहून आला होता. दिवाळीआधी पोलीस आले आणि घेऊन गेले. ती माउली अजून येणाऱ्या प्रत्येक बंडीकडे धावत जाते, असं लोक सांगत. निर्मलाबाई ते ऐकायची आणि टेकचंदच्या खोलीच्या दाराकडे बघायची.

बिया वाळल्या, सोलल्या, पाट्यावर वाटून झाल्या. मग एका सकाळी टेकचंद स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "माय, चूल इझव."

"काऊन?"

"ह्या बाटलीतल्या पान्याले जाळाची नुसती झळ लागली, तरी भडका उडते. घर जाईन आपलं."

तिने पेटत्या चुलीत पाणी ओतलं. भात अर्धा कच्चा राहिला. अंगणात टेकचंद त्या बाटलीतलं पाणी बियांच्या कुटावर ओतत होता, निथळत होता, परत ओतत होता, आणि असा उग्र गोड वास सुटला होता की निर्मलाबाईचं डोकं गरगरू लागलं. जाऊ जमुनाबाई कुंपणावरून डोकावली. ही बाई म्हणजे गावाचं नाक. तिला शेजारच्या चार घरांतल्या फोडण्या ओळखता येत.

"निर्मला, हा वास कायचा व?"

"कोहळ्याचा," निर्मलाबाई म्हणाली.

"कोहळी आमीबी खातो बाप्पा," जमुनाबाई म्हणाली आणि निघून गेली. ती कुठे गेली असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

पुढचं काम तर त्याहून संशयाचं. वास पार उडून गेल्यावर टेकचंदने ते कूट कोमट मिठाच्या पाण्यात कालवलं. पाऱ्याची नळी बुडवून बुडवून बघत तो चुलीतलं एकेक लाकूड मागेपुढे करी, सोनारही इतकं करत नसेल. मग फडक्यातून गाळलं, कागदातून गाळलं. खाली जे निघालं ते झऱ्याच्या पाण्यासारखं नितळ. ते त्याने काचेच्या चंबूत भरलं, तोंडाला कापसाचा बोळा लावला. चंबू गरम पाण्याने भरलेल्या पितळी गुंडीत बसवला, आणि गुंडी लाकडी पेटीत, चारी बाजूंनी धानाचं तूस गच्च दाबून. झाकण लावून वर सुताचा धागा बांधला.

"ह्या पेटीले कोनी हात लावाचा नाई," त्याने बजावलं. "जराबी हालली, धक्का लागला, का सारं गेलं."

"काय गेलं?"

"तुले नाई समजनार, माय."

नाही कसं समजणार? भडका उडवणारं पाणी, काच, झाकलेली पेटी, आणि धक्का लागला की सारं गेलं. गोंदियाच्या बाजारात धान विकायला गेलेली माणसं अशाच गोष्टी खालच्या आवाजात सांगत. त्या गोष्टींचं नाव निर्मलाबाईला ठाऊक होतं. ते तिने तोंडातून काढलं नाही. पोराला विचारावं, तर तो खोटं बोलेल. आणि खरं बोलला, तर काय करायचं?

इकडे टेकचंदलाही संशयाने पछाडलं होतं, पण त्याचा संशय वेगळा. पेटी उघडली की चंबूच्या तळाशी पांढरा चिखल दिसे. तो भिंग लावून बघे, कपाळ धरून बसे, आणि ते सारं उकिरड्यावर ओतून नवी कोहळी फोडे. "कोनीतरी पेटी हालवते," तो म्हणे. कधी त्याला जमुनाबाईचा संशय येई, कधी मांजरीचा, एकदा तर खुद्द आईचा आला. म्हणून तो सकाळी धागा बघायला जाई. धागा शाबूत असला तरी मन मानेना, म्हणून झाकण उघडून बघे. दुपारी पुन्हा. दिवेलागणीला पुन्हा. निर्मलाबाई दाराआडून हे बघायची. प्रत्येक वेळी चिखल निघाला की पोराचा चेहरा पडे आणि हिला तेवढाच श्वास मिळे. जमत नाही बिचाऱ्याला, असं तिच्या मनात येई, आणि देवा, जमू नको देऊ, असंही.

नव्या खेपेची पेटी संध्याकाळी भरली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच टेकचंद सायकल काढून गोंदियाला गेला. कॉलेज उघडणार अशी बातमी होती, ती खरी की खोटी ते स्टेशनवर कळणार होतं. त्या घाईत पेटी बघायची राहून गेली. तो गेला आणि सकाळचं ऊन अंगणात यायच्या आत जमुनाबाई धापा टाकत आली.

"निर्मला, हवालदार आला व! केशोराव हवालदार. कोतवालाले घेऊन तलावाच्या पाळीवरून येऊन राहिला. बाटल्यावाला पोरगा कोठी राहते म्हनून पुसते."

"त्याले कोनं सांगतलं?"

जमुनाबाईने पदराने तोंड पुसलं. उत्तर मिळालं.

निर्मलाबाई खोलीत गेली. कोपऱ्यात पेटी. विहिरीत टाकावी, तर गाव पाणी पितं. पुरावी, तर कुदळीचा धक्का. मागे शेतात फेकावी, तर पडता पडताच. आणि तशीच ठेवावी, तर संध्याकाळी टेकचंद सायकलवरून उतरेल तो बेडीत. शकुंतलाबाईचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. मग तिने पुढचा विचार केलाच नाही. चुंबळ डोक्यावर ठेवली, पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि पेटी उचलून डोक्यावर घेतली.

लहानपणापासून एकावर एक दोन भरल्या गुंड्या घेऊन तिने तलावाची पाळ चढली-उतरली होती. पाण्याचा थेंब सांडला तर सासू टोमणे मारायची. ती सारी चाल आज पायांत आली. मान ताठ, कंबर सैल, पाऊल आधी चाचपायचं, मग टेकवायचं. आपण मरणार ही भीती तिला होतीच.  पण घरापासून लांब, पोरापासून लांब, एवढंच तिला हवं होतं.

आणि पाळीवर नेमका हवालदार समोर.

"बाई, सर पे क्या है?"

"तूस हाये जी. तलावावर भांडे घासाले."

"इतना तूस? उतार, देखू जरा. ए कोतवाल, हात लगा."

कोतवाल पुढे आला. त्याने दोन्ही हात वर केले. निर्मलाबाईने डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाली, "उतरवता तं उतरवा, पन मंग चढवून द्या. आन हवालदारसायेब, तुमच्या टोपीवर तूस पडलं तं मले बोलाचं नाई."

हवालदाराची टोपी नुकतीच धुतलेली होती. त्याने हात झटकला. "जाने दे."

पाळीच्या खाली पळसाच्या झाडाजवळ एक खोलगट जागा होती. तिथे तिने पेटी उतरवली, गुडघ्यांवर बसून, हळू, तान्ह्या लेकराला झोळीत घालावं तशी. वर शेजारच्या शेतातली धानाची तणस पसरली. मग ती तिथून हलली नाही. थोड्या अंतरावर बसून राहिली आणि जो येईल त्याला हाकलू लागली. गुरं आली, दगड मारून पिटाळली. बाया आल्या, त्यांना सांगितलं, इकडे नाग दिसला. दिवसभर पोटात अन्नाचा कण नाही. आपलं पाप आपणच राखत बसलोय, असं तिला वाटत होतं.

ऊन कलल्यावर तिने बघितलं, तर पाळीवरून तिघं येत होते. हवालदार, कोतवाल, आणि मधोमध टेकचंद. सायकल कोतवालाच्या हातात.

घडलं होतं ते असं. टेकचंद परतला तेव्हा हवालदार घरात झडती घेऊन, कोहळ्यांच्या राशीत बसून वाट बघत होता. टेकचंदने सारं नीट सांगितलं. बियांतलं तेल बाटलीतलं ते भडकणारं पाणी काढून घेतं आणि मागे एक सत्त्व उरतं, डाळीत असतं तेच, अंड्यात असतं तेच. कोमट मिठाच्या पाण्यात ते विरघळतं. गाळून, न हालवता, अगदी हळूहळू थंड केलं, तर त्याचे खडे बनतात, खडीसाखरेसारखे. तुसाने ऊब धरून राहते म्हणून ती पेटी. खडे बनवले तर कॉलेजातले साहेब आपल्याला प्रयोगशाळेत ठेवून घेणार आहेत. हवालदार मान डोलावत होता. शेवटी म्हणाला, "ठीक है, पेटी दिखा." आणि टेकचंदने कोपऱ्याकडे हात केला, तर कोपरा रिकामा. तुसाचे चार कण तेवढे पडलेले. मग कोण विश्वास ठेवणार? हवालदार त्याला ठाण्यावर घेऊन निघाला.

निर्मलाबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने पोराला हवालदाराच्या शेजारी चालताना बघितलं आणि ती धावत पाळीवर चढून आडवी उभी राहिली.

"त्याले सोडा! त्याचा काई दोष नाई. पेटी माही हाये. बॉम्ब मीच बनवला!"

कोतवालाच्या हातून सायकल पडली. हवालदार दोन पावलं मागे सरला. "आप ने बनाया? काहे का?"

 निर्मलाबाईला दुसरं काहीच सुचेना.

"कोहळ्याचा," ती म्हणाली.

 आईकडे, मग तिच्या डोक्यावर अजून तशीच असलेल्या चुंबळीकडे टेकचंदने बघितलं. "माय," तो शेवटी म्हणाला, "पेटी कोठी हाये?"

तिने पळसाकडे बोट दाखवलं. तो उतरू लागला तशी तिने त्याचा दंड पकडला. "तू मांगं राय. मी उघडतो. माहं काय, मी म्हातारी."

"त्याच्यात काई नाई, माय. निस्तं बियांचं पानी हाये."

"मंग धक्का लागला का सारं गेलं, असं तूच काऊन म्हनला? पुसलं तं म्हनते, तुले नाई समजनार."

 त्याने तिचा हात सोडवला नाही. दोघं सोबतच खाली उतरली. हवालदार आणि कोतवाल पाळीवरच्या चिंचेआड उभे राहिले, अंगावर सरकारी कपडे असले तरी जीव आपलाच असतो.

टेकचंदने तणस बाजूला केली. धागा जसाच्या तसा होता. तूस उकरून त्याने चंबू वर काढला आणि उन्हाकडे धरला. तळाशी चिखल नव्हता. बारीक, पांढरा, लखलखणारा थर होता. त्याने भिंग लावलं. प्रत्येक कणाला कडा होत्या, सरळ, स्वच्छ. कालपासून आत्तापर्यंत ती पेटी कोणीच उघडली नव्हती, आणि त्यानेही नाही. इतके दिवस पेटी खराब कोण करत होतं, हे त्याला तिथेच कळलं. ज्याच्यावर त्याने एकदाही संशय घेतला नव्हता, तो माणूस.

"हे डोक्यावर घेऊन आली तू?" त्याने विचारलं. "बॉम्ब समजून? घरून इथवर?"

निर्मलाबाई चंबूकडे बघत नव्हती. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या मनात एकच भीती उरली होती.

"हाललं तं नाई न रे?" तिने विचारलं. "म्या लगित जपून आनलं."

टेकचंदला रडू आवरेना. चंबू एका हातात सांभाळत त्याने दुसऱ्या हाताने तिच्या डोक्यावरची चुंबळ उतरवली.

"नाई माय," तो म्हणाला. "जराबी नाई हाललं."